काँगोचे मोईझ कातुंबी: पैसा आहे, गर्दी आहे, मग खुर्ची का हुकते?

२०२५च्या फेब्रुवारीत काँगोने कोबाल्टची निर्यात थांबवली आणि चार दिवस का होईना, या देशाचं नाव आपल्याकडच्या अर्थविषयक पानांवर झळकलं. जगातलं ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट या एका देशातून निघतं. त्यातलं बहुतेक शुद्धीकरणासाठी चीनला जातं आणि तिथून फिरत फिरत आपल्या खिशातल्या मोबाईलच्या बॅटरीत येऊन बसतं. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली आणि तिच्या जागी कोटा आला. त्याआधी जानेवारीत देशाच्या पूर्व टोकाचं गोमा शहर एम-२३ बंडखोरांनी घेतलं होतं. त्या भागात आपले भारतीय शांतिसैनिक वर्षानुवर्षं तैनात आहेत, म्हणून तीही बातमी इथे थोडीफार वाचली गेली.

या बातम्यांत अधूनमधून एक नाव येतं: मोईझ कातुंबी. आणि वाचणारा गोंधळतो, कारण दर बातमीत त्यांची ओळख वेगळी. एका ठिकाणी खाणव्यवसायातले धनाढ्य, दुसरीकडे फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, तिसरीकडे माजी गव्हर्नर, चौथीकडे तुरुंगवासाची शिक्षा झालेले परागंदा पुढारी, आणि अलीकडे विरोधी पक्षातलं सर्वांत वजनदार नाव. माणूस एकच आहे. या पाच ओळखी एकमेकींतून कशा उगवल्या ते कळलं, की काँगोचं राजकारणही बऱ्यापैकी उलगडतं.

कोणतं काँगो आणि कुठलं कटांगा?

नकाशात काँगो नावाचे दोन देश शेजारीशेजारी आहेत. आपण बोलतोय ते मोठ्या काँगोबद्दल. राजधानी किन्शासा, पूर्वी बेल्जियमची वसाहत, हुकूमशहा मोबुटूंच्या काळात नाव 'झैर'. लोकसंख्या दहा कोटींच्या वर आणि क्षेत्रफळ भारताच्या सुमारे सत्तर टक्के.

या देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, झांबियाच्या सीमेला लागून, कटांगा आहे. तांबं, कोबाल्ट, जस्त, आणि एकेकाळी युरेनियम. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधलं युरेनियम बहुतांशी इथल्याच शिंकोलोब्वे खाणीतलं होतं. मुख्य शहर लुबुम्बाशी. किन्शासापासून सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटरहून लांब. व्यवहार, धान्य, मालमोटारी यांचा ओढा राजधानीपेक्षा झांबियाकडे जास्त.

किन्शासाच्या मनात कटांगाबद्दल एक जुनी धास्ती आहे. १९६० साली देश स्वतंत्र झाला आणि दोन आठवड्यांच्या आत कटांगाने फुटून निघाल्याचं जाहीर केलं. ते बंड १९६३च्या जानेवारीपर्यंत चाललं. पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना १९६१मध्ये मारण्यात आलं तेही याच मुलखात. त्यामुळे कटांगात कुणी पैसेवाला आणि लोकप्रिय नेता उभा राहिला, की राजधानीत कुठलंही सरकार असो, कान टवकारले जातातच. त्या फुटीर कटांगाच्या नेत्याचं नावही मोईझच होतं, मोईझ चोंबे. नावाचा हा निव्वळ योगायोग, पण विरोधकांना तो फुकटात मिळाला.

मासळीपासून सुरुवात

कातुंबींचा जन्म १९६४चा, झांबियाच्या सीमेजवळच्या काशोब्वे गावातला. वडील निसिम सोरियानो हे ऱ्होड्स बेटावरचे ज्यू. ऱ्होड्स आज ग्रीसमध्ये आहे, पण तेव्हा ते इटलीच्या ताब्यात होतं. १९३८मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूंविरुद्ध कायदे आणले आणि बरीच कुटुंबं बाहेर पडली. त्यातली कित्येक कटांगात आली, कारण त्यांचे नातलग व्यापाराच्या निमित्ताने तिथे आधीच स्थिरावले होते. बेटावर मागे राहिलेल्या बहुतेकांना १९४४मध्ये आउशवित्झला नेण्यात आलं. सोरियानो म्वेरू सरोवराच्या काठी मासळीच्या धंद्यात शिरले. आई काँगोची, आणि 'कातुंबी' हे आडनाव तिच्याकडचं. वडिलांचं हे मूळ लक्षात असू द्या, पुढे त्यावरून मोठं रामायण घडणार आहे.

मुलाने धंदा सुरू केला तोही मासळीचाच. सरोवरातले ताजे आणि खारवलेले मासे खाणकामगारांच्या वसाहतींना पुरवायचे. गिऱ्हाईक होतं जेकामिन, म्हणजे सरकारी खाणकंपनी. बेल्जियनांनी १९०६मध्ये काढलेली कंपनी मोबुटूंनी राष्ट्रीयीकरण करून सरकारी केली, ती ही. तिच्या भरभराटीच्या दिवसांत ती नुसती कंपनी नव्हती. कामगारांचं घर, दवाखाना, पोरांची शाळा, महिन्याचं पीठ, सगळं तिथूनच यायचं. १९८०च्या दशकात ती वर्षाला साडेचार लाख टनांहून अधिक तांबं काढत होती.

मग ती कोसळली. १९९०मध्ये कामोतोची मोठी भूमिगत खाण खचली, मोबुटूंच्या माणसांनी तिजोरी आधीच धुतली होती, यंत्रांना सुटे भाग मिळेनात. दशकभरात उत्पादन एक दशांशाच्याही खाली गेलं. जमिनीखाली तांबं तसंच होतं, वर काढायला यंत्रं नव्हती.

कातुंबींनी नेमकी ही फट हेरली. १९९७मध्ये त्यांनी 'मायनिंग कंपनी कटांगा' काढली. आद्याक्षरांवरून तिला एमसीके म्हणत.

खाणमालक की ठेकेदार?

बातम्यांत त्यांना सर्रास 'खाणसम्राट' म्हटलं जातं. ते तितकंसं बरोबर नाही. एमसीकेचं मुख्य काम ठेक्याचं होतं: वरची माती हटवायची, खडक फोडायचा, खनिज उचलून कारखान्यापर्यंत न्यायचं. यंत्रं आणि डंपर आपले, खाण दुसऱ्याची.

साखरपट्ट्यातल्या माणसाला हे पटकन समजेल. ऊसतोडणी-वाहतुकीचा ठेकेदार कारखान्याचा मालक नसतो. ट्रॅक्टर त्याचे, टोळ्या त्याने आणलेल्या, उचल त्याने वाटलेली. बिल मात्र कारखान्यातून निघायचं. चेअरमनशी जमलं तर हंगाम सोन्याचा. फाटलं, की गाड्या वजनकाट्यापाशी ताटकळणार आणि बिलाचं 'पुढच्या मीटिंगला बघू'.

काँगोत जमिनीखालचं सगळं राज्यसंस्थेचं. परवाना, ठेका, निर्यातीचा कागद, सीमेवरून ट्रक सोडणं, प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी सही. म्हणजे तिथला मोठा व्यावसायिक राजकारणापासून अलिप्त राहूच शकत नाही. कातुंबींची सगळी कारकीर्द मला याच एका गाठीभोवती फिरताना दिसते: पैशाने त्यांना उभं केलं, आणि तो पैसा सरकारच्या मर्जीवर टिकलेला असल्यामुळे त्याच पैशाने त्यांची मानगूट सरकारच्या हातात दिली.

फुटबॉल मध्येच कुठून आलं?

मध्येच नाही, फुटबॉल पहिल्यापासून आहे. ज्या १९९७ साली एमसीके सुरू झाली, त्याच साली ते लुबुम्बाशीच्या टीपी माझेंबे क्लबचे अध्यक्ष झाले. क्लब जुना, १९३९मध्ये बेनेडिक्टाइन पाद्र्यांनी सुरू केलेला. १९६७ आणि १९६८मध्ये लागोपाठ आफ्रिकेचा विजेता, आणि त्यानंतर चार दशकं त्या किताबापासून दूर राहिलेला.

कातुंबींनी पैसा ओतला. युरोपातले प्रशिक्षक आणले, झांबिया, घाना, टांझानियाचे खेळाडू घेतले आणि पगार वेळेवर दिले. आफ्रिकेतल्या क्लबांत ही शेवटची गोष्ट अजिबात गृहीत धरता येत नाही. २००९, २०१० आणि २०१५मध्ये माझेंबे पुन्हा आफ्रिकेचे विजेते झाले. कामालोंडो वस्तीत स्वतःचं स्टेडियम उभं राहिलं.

पण लोकांच्या मनात कोरला गेला तो डिसेंबर २०१०. अबू धाबीत क्लबांचा विश्वचषक होता. तोवर अंतिम सामन्यात युरोप आणि दक्षिण अमेरिका सोडून कुणीच पोचलं नव्हतं. माझेंबेने आधी मेक्सिकोच्या पाचुकाला घरी पाठवलं, मग उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या इंटरनासियोनालला २-० हरवलं. गोल झाला की गोलरक्षक किडियाबा जमिनीवर बसायचा आणि पाय पुढे पसरून, बसल्या बसल्याच, ढुंगणावर उड्या मारत गवतावरून सरकत जायचा. वेणी हवेत उडतेय, काळे-पांढरे कपडे घातलेले लोक स्टँडमध्ये वेडे झालेत. अंतिम सामन्यात इंटर मिलानने ३-० असं हरवलं, पण त्याचं फारसं कुणाला काही वाटलं नाही.

ज्या देशात रस्ते, वीज, पगार काहीच वेळेवर होत नाही, तिथे 'या माणसाने हातात घेतलेली गोष्ट चालते' हा पुरावा दर शनिवार-रविवारी मैदानावर दिसत होता. एवढी प्रसिद्धी कुठल्याही पक्षाला विकत घेता आली नसती.

गव्हर्नर, पण आपल्या राज्यपालासारखे नव्हेत

काँगोतला प्रांताचा गव्हर्नर दिल्लीहून नेमल्यासारखा नेमत नाहीत. प्रांतिक विधानसभा त्याला निवडते आणि कारभार तोच चालवतो. आपल्या हिशेबाने तो मुख्यमंत्री. २००६च्या निवडणुकीत कातुंबी राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिलांच्या पक्षातून खासदार झाले आणि २००७च्या जानेवारीत प्रचंड बहुमताने कटांगाचे गव्हर्नर.

पदावर येताच त्यांनी प्रक्रिया न केलेलं खनिज बाहेर नेण्यावर बंदी घातली. त्यामागचा हिशेब साधा होता. कच्चं खनिज ट्रकमध्ये भरून झांबियाला गेलं, की भट्टीचं काम, पगार आणि कर तिथे. इथे भट्ट्या लावा आणि मग माल न्या. काही कंपन्यांनी खरंच लुबुम्बाशी-कोल्वेझी पट्ट्यात प्रकल्प उभारले. प्रांताचं उत्पन्न वाढलं, रस्ते झाले, शहरात दिवे लागले. मका झांबियातून आणावा लागतो म्हणून खाणकंपन्यांनी शेतीही करावी असा आदेश निघाला. तो किती पाळला गेला हा वेगळा विषय.

यात तांब्याच्या जागतिक भावाचाही मोठा हात होता हे विसरू नये. चीनची मागणी चढत असताना कटांगाचा गव्हर्नर असणं म्हणजे पावसाळ्यात धरणाचा अभियंता असण्यासारखं नसलं, तरी दैव सोबतीला होतंच. तेवढं वजा करूनही काम दिसत होतं, आणि लोक ते मोजत होते.

'सत्तेत असताना कमावलं, मग हे विरोधक कसले?'

रास्त प्रश्न आहे, आणि काँगोतले लोकही तो विचारतात. गव्हर्नर असताना खाणकंपन्यांवर देखरेख त्यांची, आणि त्याच कंपन्यांकडून ठेके घेणारी एमसीके त्यांच्या कुटुंबाची. कंपनीच्या दैनंदिन कारभारातून आपण बाजूला झालो असं सांगणं हा पूर्ण खुलासा होत नाही. हितसंबंधांचा हा गुंता सुटलेला नव्हता, असंच म्हणावं लागेल. २०११च्या वादग्रस्त निवडणुकीत ते काबिलांच्या बाजूने होते हेही खरं.

एमसीके त्यांनी २०१५च्या अखेरीस एका फ्रेंच समूहाला विकली. पुढे तो समूहच डबघाईला आला आणि कंपनीच्या मालकीवरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या.

आता याची दुसरी बाजू. काँगोसारख्या देशात विरोधी पक्षाला पैसा कुठून मिळणार? सभासदांच्या वर्गणीतून दीड हजार किलोमीटर पलीकडे विमानं जात नाहीत. देशात रस्ते इतके कमी, की प्रचार करायचा तर विमान-हेलिकॉप्टर लागतंच. सत्ताधाऱ्याच्या हाती सरकारी यंत्रणा असते. तिला टक्कर द्यायला एक तर बंदूक लागते किंवा खाजगी पैसा. बंदूकवाले विरोधक काँगोने भरपूर पाहिलेत. धनवान विरोधक हा तिथला निर्मळ पर्याय नव्हे, तो उपलब्ध पर्याय आहे. मला हे म्हणताना बरं वाटत नाही, पण त्याहून सोज्वळ उत्तर दिलं तर ते खोटं होईल.

तिसरी पेनल्टी

बिनसलं ते मुदतीवरून. राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ मिळतात. काबिलांचा दुसरा २०१६च्या डिसेंबरात संपत होता आणि निवडणूक घ्यायची हालचाल दिसत नव्हती.

२०१४चा डिसेंबर, नाताळच्या तोंडावरचे दिवस. कातुंबी लुबुम्बाशीत लोकांसमोर आले आणि फुटबॉलच्या भाषेत बोलले. पंचाने एका संघाला चुकीची पेनल्टी दिली, तुम्ही सोसली. दुसरी चुकीची दिली, तीही सोसली. आता तिसरी दिली तर? गर्दीने ओरडून नकार दिला. कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. पण पहिली पेनल्टी म्हणजे २००६, दुसरी म्हणजे २०११ आणि तिसरी म्हणजे काय, हे तिथल्या शेंगदाणे विकणाऱ्या पोरालाही समजलं होतं.

नऊ महिन्यांनी, सप्टेंबर २०१५मध्ये, त्यांनी पक्ष सोडला. गव्हर्नरपदाचाही राजीनामा दिला; त्या पदात तोवर तसंही काही उरलं नव्हतं.

अडवलं कसं?

उरलं नव्हतं, कारण त्यांचा प्रांतच नकाशावरून गेला होता. २०१५च्या मध्यावर देशातल्या ११ प्रांतांचे २६ झाले आणि कटांगाचे चार तुकडे पडले. फेररचना घटनेत लिहिलेलीच होती, हे सरकारचं म्हणणं चूक नाही. फक्त नऊ वर्षं धूळ खात पडलेलं कलम नेमकं त्या वर्षी घाईने लागू झालं.

मग खटले. ४ मे २०१६ला त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. त्याच दिवशी कायदामंत्र्यांनी त्यांच्यावर परदेशी भाडोत्री सैनिक गोळा केल्याच्या आरोपाची चौकशी लावली. आधार होता तो त्यांच्या सुरक्षापथकातल्या काही जणांचा, ज्यात एक माजी अमेरिकन सैनिक होता. चौकशीसाठी लुबुम्बाशीच्या न्यायालयाकडे जाताना सोबत हजारो लोक चालत होते; पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्याच महिन्यात उपचारासाठी म्हणून ते दक्षिण आफ्रिकेला गेले, आणि परतीची वाट तीन वर्षं बंद झाली.

जूनमध्ये, ते देशाबाहेर असताना, लुबुम्बाशीतल्या एका घराच्या जुन्या वादात त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा झालेला माणूस निवडणूक लढवू शकत नाही, म्हणजे काम फत्ते. पण निकालपत्रावर सही असलेल्या न्यायाधीश बाईंनीच पुढे सांगितलं, की गुप्तचर खात्याने दबाव आणून सही घेतली. त्यांनाही देश सोडावा लागला. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने चौकशी करून हा खटला म्हणजे निव्वळ देखावा असल्याचं म्हटलं. काँगोत चर्चचं वजन इतकं आहे, की सरकारला ते झटकून टाकता येत नाही.

'दुसऱ्या देशाचा पासपोर्ट होता, तर चूक त्यांचीच नाही का?'

आपल्याला हा मुद्दा समजावून सांगायची गरज कमी, कारण भारतही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या पुणेकराचा भारतीय पासपोर्ट जातो, ओसीआय कार्डावर तो इथे घर घेऊ शकतो, पण मत देऊ शकत नाही. काँगोची राज्यघटनाही स्पष्ट आहे: काँगोचं नागरिकत्व एकमेव, दुसऱ्या कुठल्याही सोबत चालत नाही.

२०१८मध्ये एका फ्रेंच नियतकालिकाने छापलं, की दक्षिण इटलीतल्या एका छोट्या गावच्या दप्तरात कातुंबींची नोंद असून २००० ते २०१७ या काळात ते इटलीचे नागरिक होते. सरकारने लगेच पवित्रा घेतला: मग ते काँगोचे राहिलेच नाहीत. कातुंबींचं म्हणणं, आपण काँगोचं नागरिकत्व कधीही सोडलेलं नाही.

कायद्याचं अक्षर पाहिलं तर सरकारची बाजू लंगडी नाही. तिचा लंगडेपणा दिसतो तो अंमलबजावणीत. २००७मध्येच उघड झालं होतं, की काँगोच्या संसदेतल्या अनेकांकडे बेल्जियम-फ्रान्सचे पासपोर्ट आहेत. तेव्हा संसदेने 'कागदपत्रं नीट करायला' मुदत दिली आणि विषय थंड झाला. कायदा सगळ्यांसाठी झोपलेला आणि एकासाठी जागा, याला अंमलबजावणी म्हणणं कठीण.

आणि पासपोर्ट नसता तरी वडील होतेच. २०२१मध्ये एक विधेयक आलं: राष्ट्राध्यक्षासह सर्वोच्च पदांवर फक्त आई आणि वडील दोघंही काँगोचे असलेलाच बसू शकेल. विधेयकात नाव कुणाचंच नव्हतं, तरी ते कुणाच्या मापाने शिवलंय हे सगळ्यांना दिसत होतं. बिशपांनी विरोध केला आणि ते मंजूर झालं नाही. पण 'अस्सल काँगोचा कोण' हा वाद एकदा उकरला, की तो एका उमेदवारापाशी थांबत नाही. पूर्व काँगोत रवांडी भाषा बोलणाऱ्या समाजांच्या नागरिकत्वावरून दशकानुदशकं रक्त सांडलंय. अशा ठिकाणी वंशाची अट कायद्यात घालायला निघणं किती धोक्याचं, ते वेगळं सांगायला नको.

कासुंबालेसाची सीमा

कासुंबालेसा हे झांबिया-काँगो सीमेवरचं नाकं. तांब्याच्या पत्र्यांनी भरलेले ट्रक इथे मैलोन्‌मैल रांगेत उभे असतात. चालक टायरच्या सावलीत झोपतात, स्टोव्हवर तिथेच मक्याचं पीठ शिजवतात. ३ ऑगस्ट २०१८ला कातुंबी झांबियाच्या बाजूने या नाक्यावर आले. राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरायची मुदत ८ ऑगस्टला संपत होती आणि अर्ज देशात येऊनच भरायचा होता. त्यांना आत घेतलं नाही. पलीकडे स्वागताला जमलेल्यांवर पुन्हा अश्रुधूर. तांबं सीमा ओलांडत राहिलं, माजी गव्हर्नर अलीकडे राहिले आणि मुदत संपली.

मग त्यांनी दुसऱ्याला पाठिंबा दिला. काँगोत २०११पासून राष्ट्राध्यक्षाची निवडणूक एकाच फेरीत होते. ज्याला इतरांपेक्षा जास्त मतं तो निवडून आला, निम्म्यांहून अधिक मिळालीच पाहिजेत असं नाही. आपल्या लोकसभा-विधानसभेसारखंच. अर्थात विरोधक फुटले की सत्ताधाऱ्यांचं फावतं. म्हणून नोव्हेंबर २०१८मध्ये जिनिव्हात विरोधकांनी मार्टिन फायुलू हे एक नाव ठरवलं. चोवीस तासांत त्यांच्यातल्याच फेलिक्स चिसेकेदींनी सही मागे घेतली. डिसेंबरच्या निवडणुकीनंतर विजेते जाहीर झाले ते चिसेकेदीच. चर्चचे ४०,००० निरीक्षक केंद्रांवर होते, आणि त्यांचे आकडे जाहीर निकालाशी जुळत नाहीत असं चर्चने म्हटलं. फुटलेल्या आकडेवारीत फायुलू बरेच पुढे होते. काबिला बाजूला झाले, पण निघताना वारस आपल्या सोयीचा निवडून गेले, असा समज तेव्हा पक्का झाला.

'नवीन सरकारने तर त्यांना परत येऊ दिलं ना?'

हो. २०१९च्या एप्रिलमध्ये घराच्या खटल्यातली शिक्षा रद्द झाली आणि २० मे २०१९ला, देश सोडून बरोबर तीन वर्षांनी, ते लुबुम्बाशीत उतरले. विमानतळापासून शहरापर्यंत माणसंच माणसं. वर्षअखेरीस स्वतःचा पक्ष काढला. पुढे चिसेकेदींनी काबिलांशी काडीमोड घेऊन नवी आघाडी जमवली, तेव्हा कातुंबींचे लोक तिच्यात मंत्री झाले. विरोधक म्हणून त्यांची धार इथे बोथट झाली, असं माझं मत आहे. सरकारात दीड-दोन वर्षं बसून डिसेंबर २०२२मध्ये 'हे सरकार अपयशी आहे' म्हणत बाहेर पडणाऱ्याला लोक एक साधा प्रश्न विचारतात: मग इतके दिवस काय करत होतात?

बाहेर पडताच जुना खेळ नव्या पंचासह सुरू झाला. मे २०२३मध्ये त्यांचे निकटचे सल्लागार सालोमोन कालोंडा यांना किन्शासाच्या विमानतळावर पकडून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं. १३ जुलैला त्यांच्या पक्षाचे प्रवक्ते आणि माजी मंत्री शेरुबें ओकेंडे किन्शासात आपल्या गाडीत मृतावस्थेत सापडले. सरकारी वकिलांनी पुढच्या वर्षी ती आत्महत्या असल्याचं जाहीर केलं. पक्षाने ते मान्य केलेलं नाही.

अखेर उमेदवारी मिळाली, मग हरले का?

या वेळी नागरिकत्वावरचा आक्षेप घटनात्मक न्यायालयाने फेटाळला आणि २० डिसेंबर २०२३ला कातुंबींचं नाव पहिल्यांदा मतपत्रिकेवर आलं. चार उमेदवारांनी त्यांच्यासाठी माघार घेतली. फायुलूंनी घेतली नाही. निकाल: चिसेकेदी सुमारे ७३ टक्के, कातुंबी सुमारे १८, फायुलू ५च्या आसपास.

निवडणुकीत गोंधळ पुष्कळ होता. केंद्रं उशिरा उघडली, काही उघडलीच नाहीत, एका दिवसाचं मतदान कित्येक दिवस रेंगाळलं. कातुंबींनी फेरनिवडणूक मागितली, पण न्यायालय सरकारच्या खिशात आहे म्हणत दाद मागायला गेले नाहीत. तरीही ५५ टक्क्यांचा फरक निव्वळ गोंधळाने भरून निघत नाही. त्यांचा जोर आग्नेयेत, खाणपट्ट्यात होता. किन्शासा आणि मध्य काँगोतला 'कसाई' नावाचा भाग त्यांचे नव्हतेच. चिसेकेदी प्रचारात 'परदेशी उमेदवार' हा शब्द फिरवत राहिले, आणि पूर्वेकडे रवांडाच्या पाठबळावर लढणारे बंडखोर पुढे सरकत असताना तो शब्द चिकटला. शिवाय ज्या माणसाला २०१६मध्ये अडवलं आणि २०१८मध्ये सीमेवर थांबवलं, त्याची लाट २०२३पर्यंत तशीच थांबून राहील ही अपेक्षाच चुकीची होती. अडवणाऱ्यांना जिंकायची गरज नव्हती, वेळ गेला तरी पुरे होतं.

आता पुढे काय बघायचं?

घटनेच्या २२०व्या कलमाने राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळांची संख्या कुलूपबंद केली आहे. दुरुस्ती करूनही ती वाढवता येत नाही. चिसेकेदींचा दुसरा कार्यकाळ चालू आहे आणि पुढची निवडणूक २०२८च्या अखेरीस अपेक्षित आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये किसांगानीच्या भाषणात त्यांनी नवी राज्यघटना लिहिण्यासाठी आयोग नेमण्याचं सूतोवाच केलं. दुरुस्ती करता येत नसेल तर घटनाच बदलायची, ही वाट. कातुंबी तिला विरोध करताहेत, म्हणजे दहा वर्षांपूर्वी काबिलांना जे सुनावलं तेच आता चिसेकेदींना.

आणि शेजारी कोण उभं आहे? एप्रिल २०२५मध्ये चर्चच्या पुढाकाराने होऊ घातलेल्या राष्ट्रीय संवादाला पाठिंबा देणारं जे संयुक्त पत्रक निघालं, त्यावर कातुंबी आणि फायुलू यांच्यासोबत नाव होतं जोसेफ काबिलांचं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात किन्शासाच्या लष्करी न्यायालयाने काबिलांना देशद्रोहाच्या आरोपावरून, गैरहजेरीत, मृत्युदंड सुनावला. ज्यांच्यामुळे तीन वर्षं परदेशात काढली त्यांच्याशेजारी सही करणं कातुंबींना कितपत मानवलं असेल कोण जाणे. त्यांच्या पक्षातल्या काहींनाही ते मानवलं नसेल, तर २०२८ची तयारी करताना कातुंबींना चिसेकेदींच्या आधी या आपल्याच माणसांची समजूत घालावी लागणार आहे.